नुसतं ‘हो का’

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि आपला फोन टेबलावरून माझ्याकडे सरकवला, दोन बोटांनी, मेलेलं झुरळ सरकवावं तसा.

“वाचा, सर.”

मी चष्मा लावला. सातवीचा वर्गगट होता. या गटाची एक गंमत आहे. मुलांकडे स्वतःचे फोन नाहीत, त्यामुळे गटावर सगळे घरच्यांचे फोन. मग एखाद्या झुपकेदार मिश्यांच्या आजोबांच्या फोटोशेजारी ‘सर माझा दात पडला मी उद्या येणार नाही’ असं उमटतं, आणि गॉगल लावलेल्या एखाद्या मावशीच्या फोटोशेजारी ‘गणिताचं पान कितवं रे गाढवा’. पहिले काही दिवस दचकायला होतं, मग सवय होते.

आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी, आमच्या ग्रंथपालबाईंनी तिथं लिहिलं होतं: ‘ग्रंथालयात चाळीस नवीन पुस्तके आली आहेत. सर्व मी स्वतः निवडली आहेत. शनिवारी वाचनतासाला पाहायला मिळतील.’

त्याखाली कुणाचं तरी उत्तर: ‘हो का’.

त्याखाली एक अंगठा. त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन पिवळे चेहरे. मग पुन्हा ग्रंथपालबाई: ‘ज्यांना थट्टा करायची आहे त्यांनी खुशाल करावी.’ आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, बाई गटातून बाहेर पडल्याची नोंद.

“हो का!” मोठ्या बाई म्हणाल्या. “बाईंना! पुढे ‘बाई’ नाही, प्रश्नचिन्ह नाही, काही नाही. नुसतं हो का! आज सकाळी ग्रंथालयाच्या दारावर कागद लागलाय. वाचनतास पुढील सूचनेपर्यंत बंद.”

“लिहिलं कुणी हे?”

“तुमच्या त्या प्रश्नपेटीनं.”

मला खरंच वाटेना. प्रश्नपेटी हे नाव मीच ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून तीन तास मी सातवीला भाषा शिकवायला येतो, आणि त्यातला एक तास या मुलीच्या प्रश्नांत जातो. पण ती उद्धट नव्हती. उलट ग्रंथपालबाईंच्या मागे शेपटासारखी फिरायची. बाई कुणालाच पुस्तकांच्या कपाटाला हात लावू देत नाहीत, फक्त हिला देतात, तेही हात धुवून आल्यावर. आणि येत्या शनिवारी ती वाचनतासात स्वतः लिहिलेली गोष्ट वाचणार होती. पहिलीच गोष्ट, अकरा पानं, विहिरीतल्या कासवाची. महिनाभर खोडत होती.

“शुक्रवारपर्यंत तिनं गटावर सगळ्यांसमोर माफी मागायची,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही ऑनलाइन शिष्टाचाराचे वीस नियम तयार करा. छापून लावू.”

“वीसच का?”

“मोठा कागद आणलाय सर. तो भरायला नको?”

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी वर्गात गेलो तर प्रश्नपेटी शेवटच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून. बाकीचे तिच्याकडे असं बघत होते की जणू पुस्तकं तिनंच खाल्ली.

“सर, हिच्यामुळे वाचनतास गेला,” पहिल्या बाकावरचा वकील म्हणाला. हा खरा वकील नव्हे, पण त्याची आई आहे आणि पोराच्या अंगात पुरेपूर उतरलंय.

“आणि ते तीन हसरे चेहरे कुणाचे होते, वकीलसाहेब?”

“ते मी दुसऱ्याच गोष्टीला हसत होतो, सर. आमच्या मांजरानं बाबांच्या बुटात... ते जाऊ दे. चेहरे चुकून इथं पडले. त्यात माझा हेतू सिद्ध होत नाही.”

“आणि अंगठा?”

मागून एक हात वर आला. हा पोरगा कशालाही अंगठा दाखवतो, म्हणून वर्ग त्याला अंगठेबहाद्दर म्हणतो. मागच्या महिन्यात मी गटावर लिहिलं होतं की मला ताप आहे, दोन दिवस येणार नाही. त्यालाही यानं अंगठा दिला होता.

“तेव्हा काय म्हणायचं होतं रे तुला?”

“म्हणजे, वाचलं, सर.”

“मला वाटलं तुम्ही खूश झालात.”

“झालो होतो,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “पण अंगठा त्याचा नव्हता.”

वर्ग हसला. प्रश्नपेटी हसली नाही. मी तिला पुढे बोलावलं. ती आली, पण पायातल्या बुटांकडे बघत.

“तू ते जसं लिहिलंस ना, तसं आता तोंडानं म्हण. बाईंनी तुला समोर सांगितलंय, चाळीस नवीन पुस्तकं आली.”

तिनं डोळे वर केले. चाळीस पुस्तकं खरंच समोर आल्यासारखा तिचा चेहरा उजळला. “हो काऽऽ?” त्या ‘का’ला अशी काही शेपूट होती की ती खिडकीतून बाहेर जाऊन परत आली असती.

“हे असं लिहिलं होतंस?”

“हो, सर. मी उडीपण मारली होती. बाबा म्हणाले फोन पडेल.”

“बरं. आता दुसरं कोण म्हणतं? याच दोन शब्दांत, वेगळ्या तऱ्हेनं.”

मग वर्गाला ऊत आला. वकिलानं कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून म्हटलं, “हो का?” आणि खुलासा केला, “बाबा ‘मी कपडे घड्या करून ठेवले’ म्हणतात तेव्हा आई असं म्हणते.” एका मुलीनं जांभई देत म्हटलं: तिची ताई फोनवर असताना तिच्याशी असंच बोलते. एकानं धमकी दिल्यासारखं म्हटलं, एकानं रडवेलं, एकानं अजिबात विश्वास न बसल्यासारखं. अंगठेबहाद्दरानं न बोलता नुसत्या भुवया वर केल्या आणि तेसुद्धा स्वच्छ ‘हो का’ ऐकू आलं. फळ्यावर मी रेघा मारत होतो. अकरा झाल्या.

“आता सांगा,” मी म्हटलं, “यातलं कुठलं बाईंच्या फोनवर गेलं?”

“पहिलं,” चारपाच जण ओरडले.

“कुठलंच नाही,” प्रश्नपेटी हळूच म्हणाली. “आवाज गेलाच नाही, सर. नुसती अक्षरं गेली.”

“मग बाईंनी आवाज कुठून आणला?”

ती फळ्यावरच्या रेघांकडे बघून म्हणाली, “त्यांच्याच जवळचा घातला असेल.”

एवढ्यासाठी मी चाळीस वर्षं शिकवतोय. मी सांगण्याआधी कुणीतरी म्हणावं. लिहिणाऱ्यानं आवाज दिला नाही की वाचणारा पदरचा घालतो, आणि त्याच्या पदरी त्या दिवशी काय असेल ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून लिहिताना दोन शब्द जास्त खर्च करावेत. ‘हो का बाई? चाळीस! मी शनिवारची वाट बघते’ असं लिहिलं असतं तर बाईंनी आणखी चाळीस मागवली असती.

मग आम्ही माफीनामा लिहायला बसलो. प्रश्नपेटी फळ्यावर लिहू लागली आणि वकील सल्ला देऊ लागला.

“‘जर कोणाचे मन दुखावले असेल तर’ असं टाक. त्यात आपण कबूल काहीच करत नाही.”

“दुखावलंय की,” ती म्हणाली. “बाई गटातून गेल्या. ‘जर’ कशाला?”

तिनं ‘जर’ पुसला. मग लिहिलं: ‘बाई, माझं चुकलं, पण मी आनंदानं लिहिलं होतं.’ मी ‘पण’खाली एक रेघ ओढली. ती त्या रेघेकडे वाकली.

“सर, ‘पण’ आला की आधीचं सगळं पुसलं जातं का?”

“तूच वाचून बघ.”

तिनं वाचलं. ‘पण’ही पुसला. उरलं ते एवढं: ‘बाई, माझं चुकलं. मी अर्धवट लिहिलं आणि तुम्हाला ती थट्टा वाटली. मला खूप वाईट वाटतंय.’ मुलांनी वह्या काढल्या. चांगलं वाक्य फळ्यावर उतरलं की मुलं न सांगता वही काढतातच.

आणि मग तिनं तिच्या स्वभावानुसार प्रश्न विचारला. “सर, पण हे गटावर टाकायचं ना? बाई तर गटावर नाहीतच.”

मोठ्या बाईंच्या किंवा माझ्या, कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. जिची माफी मागायची ती सोडून बाकी सगळ्यांची माफी आम्ही मागणार होतो.

“काही हरकत नाही,” मी म्हटलं. “आधी मीच बाईंशी बोलतो. बघा आता, मोठ्या माणसाला सभ्य निरोप कसा पाठवायचा.”

माझी बोटं जाड, अक्षरं बारीक, त्यामुळे मी फोनला तोंडी सांगतो आणि तो टिपून घेतो. शिक्षकांच्या गटावर बाई होत्याच. मी फोन तोंडासमोर धरला आणि खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करत बोललो: “आदरणीय ग्रंथपालबाई, आपला राग योग्यच आहे. मुलीचा हेतू वाईट नव्हता. आपण एकदा तिची भेट घ्यावी ही विनंती.” तेवढ्यात घंटा झाली. मी बटण दाबलं, फोन खिशात टाकला आणि मुलांना म्हटलं, “याला म्हणतात शिष्टाचार.”

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत शिरलो तर चित्रकलेचे सर खुर्चीत पोट धरून वाकले होते आणि कवायतीचे सर त्यांच्या पाठीवर थापटत होते.

“सर,” कवायतीचे सर म्हणाले, “पाल कुठली?”

“कसली पाल?”

त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. तिथं माझ्या नावानं, माझ्या फोटोशेजारी लिहिलं होतं: ‘आदरणीय गरम पाल बाई आपला राग योग्यच आहे मुलीचा हेतू वाईट नव्हता आपण एकदाची पेट घ्यावी ही विनंती’.

खाली मोठ्या बाईंचं ‘सर?????’ होतं. पाच प्रश्नचिन्हं, मी मोजली. घाईघाईनं मी माझा फोन काढला, तो निरोप दाबून धरला, काढून टाका म्हटलं, फोननं काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं, आणि निरोप गेला. हायसं वाटलं. मी पाणी प्यायलो.

“अजून आहे, सर,” कवायतीचे सर म्हणाले.

“गेला की. हे बघा.”

“तुमच्याकडून गेला. तुम्ही ‘फक्त माझ्यासाठी काढा’ दाबलंत. आता तुम्ही सोडून सगळ्यांना पाल दिसतेय.”

“ग्रंथपालबाईंनी...?”

“वाचलंय. फोनकडे बघतच वर गेल्या त्या आत्ता.”

माणसानं वयाच्या पासष्टाव्या वर्षी जिन्याखाली लपावं की नाही, याचा मी थोडा वेळ विचार केला. मग मी सातवीच्या वर्गात गेलो, कारण माझ्या अडचणीतली तज्ज्ञ मंडळी तिथंच होती. घडलं ते सगळं सांगितलं. पाल आल्यावर वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी भिंतीवर बुक्क्या मारल्या. प्रश्नपेटी तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. मी ते पाहिलं आणि मनातल्या मनात पालीला अर्धी माफी देऊन टाकली.

“आता बाईंना काय सांगू?” मी विचारलं.

“‘जर’ घालू नका, सर,” वकील लगेच म्हणाला. सकाळी याच पोरानं ‘जर’ची वकिली केली होती.

“म्हणेन की फोननंच चुकीचं टिपलं.”

“ते ‘पण’सारखंच झालं,” प्रश्नपेटी म्हणाली. “पाठवलं तुम्ही. न वाचता.”

ती माझ्या टेबलाजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “सर, तुम्हाला भीती वाटतेय का?”

“हो गं.”

“मलापण. मग बरोबर जायचं का? लिहून नको. तोंडानंच.”

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं वरच्या मजल्यावर गेलो. ग्रंथालय म्हणजे लांबट खोली, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, मधे एक मोठं टेबल. दारावर तो कागद होताच, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला. आत बाई एका पुस्तकाची निखळलेली पाठ सांधत होत्या. कापडाची अरुंद पट्टी, डिंकाची वाटी, दाबायला इस्त्रीएवढं जड लोखंड. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चाळीस नवीन पुस्तकं, सगळ्यांना वेष्टनं घातलेली. त्यांनी मान वर केली नाही.

“बाई,” मी म्हटलं, “मी निरोप न वाचता पाठवला. चूक माझी आहे.”

डिंकाचा ब्रश हलत राहिला.

प्रश्नपेटी माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे गेली. “बाई, माझं चुकलं. मी अर्धवट लिहिलं आणि तुम्हाला ती थट्टा वाटली. मला खूप आनंद झाला होता, प...” तिनं तो ‘पण’ एवढ्या जोरात गिळला की तिला ठसका लागला.

बाईंनी ब्रश ठेवला आणि पाण्याची बाटली पुढे केली. “हळू. आधी पाणी पी.”

ती प्यायली. बाई हात पुसत बसून राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्हाला माझी जाऊ माहीत नाही, सर.”

“नाही.”

“बरंय तुमचं. मी काहीही सांगितलं की ती म्हणते, ‘हो का’. ग्रंथपालाच्या परीक्षेत पहिली आले, तर ‘हो का’. ही नोकरी लागली, ‘हो का’. परवा संध्याकाळी घरी सांगितलं, मी चाळीस पुस्तकं निवडली, महिनाभर याद्या करत होते. हातातली भाजीसुद्धा खाली न ठेवता म्हणाली, ‘हो का’. आणि पाच मिनिटांनी फोन वाजला.” त्या प्रश्नपेटीकडे वळल्या. “मी तुझं वाचलंच नाही गं. तिचंच ऐकलं.”

“जावेचा आवाज घातलात,” प्रश्नपेटी म्हणाली.

“काय?”

“काही नाही, बाई. सरांनी शिकवलंय.”

“मग परत का नाही आलात गटावर?” मी विचारलं.

बाई एकदम अवघडल्या. “दहा मिनिटांत पश्चात्ताप झाला होता. पण बाहेर पडायला एक बटण, आणि आत यायला कुणीतरी घ्यावं लागतं. दार आपटून गेलेल्या बाईनं काय म्हणायचं, मला आत घ्या? मला वाटलं कुणीतरी घेईल. कुणी घेईना. मग आणखी राग आला, म्हणून तो कागद लावला.”

“आम्हाला वाटलं तुम्हाला यायचं नाही,” प्रश्नपेटी म्हणाली.

“आणि मला वाटलं तुम्हाला मी नकोय.”

खाली कुठंतरी झाडलोटीचा आवाज येत होता. बाईंनी उगाचच एक वेष्टन सरळ केलं, मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, “सर, पालीचं मी एक वेळ सोडून देते. पण गरम कशाला?” आणि त्यांना हसू आवरेना. त्या हसल्या तशा आम्हीही हसलो. ‘एकदाची पेट घ्यावी’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पिवळे चेहरे पाठवणाऱ्यांनी एकदा हे खरं पाहायला हवं होतं.

दारावरचा कागद बाईंनी स्वतः काढला. चिकटपट्टीबरोबर थोडा रंगही निघाला. माफी समोरासमोर झालीय म्हटल्यावर मोठ्या बाईंनी गटावरच्या माफीचा हट्ट सोडला, ग्रंथपालबाईंना गटात परत घेतलं, आणि गटावर एकाच वेळी सत्तावीस निरोप येऊन आदळले. त्यात अंगठा एकही नव्हता. अंगठेबहाद्दरानं आजोबांच्या फोटोशेजारी लिहिलं होतं: ‘बाई तुम्ही आलात मला बरं वाटलं हे मी खरंच म्हणतोय’.

शुक्रवारी मी मोठ्या बाईंना नियमांचा कागद दिला. त्यावर एकच ओळ होती: पाठवण्याआधी वाचा, चष्मा लावून.

“बाकीचे एकोणीस?” त्यांनी विचारलं.

“होतील, बाई. अजून तेवढी भांडणं व्हायची आहेत.”

शनिवारी वाचनतासाला खोली भरली. खुर्च्या संपल्या तेव्हा मुलं कपाटांना टेकून जमिनीवर बसली. चाळीस पुस्तकं हातोहात फिरली, मग बाईंनी टाळी वाजवली आणि प्रश्नपेटी आपली अकरा पानं घेऊन उभी राहिली. ती वाचू लागली, पण तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. मुलं एकमेकांकडे बघू लागली. वकील तोंड उघडणार होता, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं पान खाली केलं आणि दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पळणार.

बाई आपल्या टेबलामागून उठल्या. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे, हातभर लांब, त्यांनीच रंगवून घेतलेली. गेली अठरा वर्षं या खोलीत त्यांनी शिंकणाऱ्यालासुद्धा दटावलंय.

“मोठ्यानं वाच गं!” त्या ओरडल्या. “मागच्यांना काही ऐकू येत नाहीये!”

खिडकीच्या वरच्या पट्टीवर बसलेली दोन कबुतरं फडफडून उडाली. प्रश्नपेटीनं पान पुन्हा वर केलं, श्वास घेतला, आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. या वेळी खाली झाडलोट करणाऱ्या मावशींनाही ऐकू गेलं असावं, कारण झाडूचा आवाज थांबला होता.